दप्तर जिनिव्हाचं, टेबल खराडीतलं

विद्यापीठात एम.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी, करणारी मुलं परीक्षा आटोपली की मेसेज करतात. प्रश्न थोड्याफार फरकाने एकच: "ताई, आर्काइव्हजमध्ये जायचंय, कुठलं सॉफ्टवेअर शिकू?" मी एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभिलेख विभागासाठी काम करते. मुख्यालय जिनिव्हाला, आमची छोटी टीम इथे पुण्यात, खराडीत, कंत्राटावर. संस्थेचं नाव लिहीत नाही, करारात तसं कलमच आहे. सॉफ्टवेअरचं उत्तर पुढे देते, पण नवीन माणूस अडतो तो तिथे नाही. काय ठेवायचं, काय टाकायचं, ते कुणी ठरवायचं आणि ठरवलं याचा पुरावा कुठे, यात तो अडतो.

अनेक देशांत कार्यालयं असलेल्या संस्थेत रोज काय तयार होतं ते बघा. सरकारांशी झालेले करार, नियामक मंडळाची इतिवृत्तं, निविदा, सर्वेक्षणाचा डेटा, फोटो, टीम्सवरचं बोलणं, आणि कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकबद्दलचे चाळीस लोकांना गेलेले ईमेल. यातलं बहुतेक काही वर्षांत टाकूनच द्यायचं असतं. अभिलेख म्हणजे जपणूक अशी समजूत घेऊन मुलं येतात आणि हातात पहिली पडते ती नष्ट करायच्या नोंदींची यादी, तपासायला.

आयटीवाले म्हणतात, स्टोरेज स्वस्त आहे, राहू दे की सगळं. मला हे पटत नाही. सगळं ठेवलेल्या ठिकाणी हवा तो करार सापडत नाही, लोकांची खासगी माहिती गरज संपल्यावरही पडून राहते, आणि लेखापरीक्षण लागलं की पाच प्रतींतली सही झालेली खरी कोणती यावर आठवडे जातात. त्यासाठी रिटेन्शन शेड्यूल असतं. कोणत्या प्रकारचा अभिलेख किती काळ ठेवायचा, मुदत कशापासून मोजायची आणि शेवटी तो नष्ट करायचा की कायमच्या संग्रहात पाठवायचा, याचा तक्ता. नियामक मंडळाचे ठराव कायम. खरेदीची फाइल ठरावीक वर्षं. निवृत्तिवेतनाचे कागद त्या माणसाच्या हयातीपलीकडेही, कारण मागे कुटुंब असतं.

घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर त्यांच्याजवळ बसा, अर्धा अभ्यासक्रम घरीच होईल. माझे वडील महसूल खात्यात होते. अभिलेखांचे अ, ब, क, ड वर्ग, सहा गठ्ठे पद्धत (कागद सहा गठ्ठ्यांत लावणं), निंदणीकरण (नको ते कागद काढून टाकणं) हे शब्द जेवताना कानावर पडायचे. अ वर्ग कायमचा, ड लवकर जाणारा. कागद नष्ट करायचा तर यादी करायची, वरिष्ठांची मंजुरी घ्यायची आणि ती यादी मात्र जपून ठेवायची. जिनिव्हाला हेच इंग्रजीत आणि शेअरपॉइंटवर चालतं. विभागप्रमुखाच्या मंजुरीशिवाय आम्ही एकही फोल्डर पुसत नाही, आणि पुसल्याची नोंद कायम राहते.

तक्ता वाचायला सोपा वाटतो, लावायला घेतला की खरी गंमत. "प्रकल्प बंद झाल्यापासून सात वर्षं" असं एका ओळीत लिहिलेलं असतं. आता प्रकल्प बंद कधी झाला? कार्यक्रम अधिकारी म्हणतो, शेवटचा अहवाल गेला तेव्हा. वित्त विभाग म्हणतो, देणगीदाराचा शेवटचा हिशेब मिटला तेव्हा, म्हणजे त्यानंतर दोन वर्षांनी. स्थानिक कार्यालयाच्या मते प्रकल्प बंद झालेलाच नाही, फक्त नाव बदलून दुसऱ्या निधीतून चालू आहे. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात. अशा वेळी बसून लोकांशी बोलावं लागतं, जुनी मंजुरीपत्रं काढावी लागतात आणि एक तारीख ठरवून ती का ठरवली हे लिहून ठेवावं लागतं. माझ्या दिवसाचा मोठा भाग यात जातो. जिनिव्हा आपल्या मागे, उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार, त्यामुळे सकाळ शांत आणि दुपारी दोननंतर फोनच फोन.

विभागांच्या नावावर वर्गीकरण बेतू नका. नवा प्रमुख आला की विभाग जोडले जातात, तोडले जातात, त्यांची नावं बदलतात. काम तेच राहतं: कर्मचारी नेमणं, खरेदी करणं, निधी मिळवणं, मानकं ठरवणं. म्हणून वर्गवारी कामांवर करतात. आयएसओ 15489 हे अभिलेख व्यवस्थापनाचं मानक 2001मध्ये आलं, 2016मध्ये सुधारलं. त्याचा भर कामाची प्रक्रिया समजून घेण्यावर आहे. मुलाखतीत या मानकाचा क्रमांक सगळेच सांगतात. एखाद्या कार्यालयाचं काम ऐकून त्यातून कोणते अभिलेख तयार होत असतील हे सांगू शकणारा मात्र क्वचित भेटतो.

आता डिजिटल भाग. निवृत्त झालेल्या एखाद्या संचालकाचा सगळा ड्राइव्ह आपल्याकडे येतो. आत "डेस्कटॉप बॅकअप जुना", त्यात "नवीन फोल्डर (3)", त्यात "फायनल", "फायनल सुधारित" आणि "हेच वापरा". पहिला नियम, काहीही उघडायचं नाही, ओढून दुसरीकडे टाकायचं नाही. साध्या कॉपी-पेस्टने तारखा बदलू शकतात, आणि पत्राचा मसुदा निर्णयाआधीचा की नंतरचा हे त्या तारखेवरच ठरणार असतं. आधी प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, काढायचा. एसएचए-256 ही पद्धत फाइल केवढीही असो, 64 अक्षरांची एक ओळ देते. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ती ओळ पार बदलते. नक्कल केल्यावर पुन्हा काढायचा आणि ताडून बघायचा. जुळला तर वाटेत काही बिघडलं नाही. याच ओळींवरून तंतोतंत सारख्या प्रतीही उघड्या पडतात. "फायनल" आणि "हेच वापरा" या दोन्ही फाइली एकच निघाल्या की टीममध्ये हशा पिकतो.

मग फाइलींचे प्रकार. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजचं ड्रॉइड नावाचं साधन मोफत मिळतं. ते फाइलच्या नावाला असलेल्या शेपटावर विसंबत नाही, फाइलच्या आतल्या खुणा बघून ती वर्डपरफेक्टची (जुनं लेखनाचं सॉफ्टवेअर) आहे, लोटस 1-2-3ची (जुनं आकडेमोडीच्या शीटचं सॉफ्टवेअर) आहे की आणखी कशाची, हे सांगतं. नव्वदच्या दशकातली लोटसची शीट आजच्या एक्सेलमध्ये उघडायला गेलात तर अडचण येते, आणि आकडे नुसते पीडीएफमध्ये उतरवले तर त्यामागची सूत्रं हरवतात. अर्थसंकल्पाच्या शीटमध्ये सूत्र हाच तर पुरावा. त्यामुळे रूपांतर केलं तरी मूळ फाइल टाकत नाहीत. मजकुराच्या दस्तऐवजांसाठी 2005चं पीडीएफ/ए मानक चांगलं आहे, त्यात फॉन्टसुद्धा फाइलच्या आत बसवलेले असतात. पण ते सगळ्यावरचं औषध समजू नका.

प्रत्येक फाइल नीट वर्णन करून, विषयवार लावून ठेवावी असं ग्रंथालयशास्त्रातून आलेल्यांना वाटतं. तीच सवय आधी मोडावी लागते. पुस्तक एकेकटं उभं राहतं, अभिलेख राहत नाही. 1841मध्ये फ्रान्समध्ये एका परिपत्रकाने तत्त्व घालून दिलं की एका संस्थेचे किंवा व्यक्तीचे कागद एकत्रच ठेवायचे, दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत. पुण्यातल्या माणसाला हे पटवायला लांब जावं लागत नाही. पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत, म्हणजे कापडी गठ्ठ्यांत, बांधलेले आहेत. गो. स. सरदेसायांनी त्यातून निवडून काढलेले कागद 1930 ते 1934 या काळात 45 खंडांत छापून आले आणि अभ्यासकांची मोठीच सोय झाली. तरी छापलेल्या पत्राच्या मागेपुढे काय होतं हे बघायचं तर पुन्हा मूळ रुमालाकडेच जावं लागतं. त्या संचालकाचं "नवीन फोल्डर (3)" हा तसाच एक रुमाल आहे. दिसायला गबाळा, पण कोणती फाइल कशाशेजारी होती ही माहिती त्यातच आहे. आम्ही वर्णन वरून खाली करतो: आधी संपूर्ण संग्रह, मग मालिका, मग फाइल. आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषदेचं आयसॅड(जी) मानक तसंच सांगतं. एकेका फाइलपर्यंत क्वचितच जातो, तेवढी माणसंच नाहीत.

आंतरराष्ट्रीय संस्थेत आणखी एक गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाकायची सवय असते. इथे तो चालत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1946च्या विशेषाधिकार आणि संरक्षणविषयक करारानुसार त्यांचे अभिलेख कुठेही असले तरी अनुल्लंघनीय आहेत. कोणत्याही देशाचं पोलीस खातं कपाट उघडून ते घेऊन जाऊ शकत नाही. कागद कधी खुले करायचे हे संस्था स्वतः ठरवते. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात साधारण 20 वर्षांचा दंडक आहे, जागतिक बँकेने 2010मध्ये माहितीच्या खुलेपणाचं नवं धोरण लागू केलं. मुदत संपली म्हणून दार आपोआप उघडतं असं नाही. निर्वासितांच्या मुलाखतीत एखाद्या साक्षीदाराचं नाव असेल तर ते झाकावं लागतं. नावं शोधायला हल्ली साधनं मदत करतात, पण त्या गावात त्या नावाने आजही कुणाच्या जिवाला धोका आहे का, हे वाचणाऱ्यालाच ठरवावं लागतं. हे काम संथ आहे, कधीकधी वाचवतही नाही. असे संग्रह हातात असतील तेव्हा ओळीने तेच करत बसू नका, मध्ये दुसरं काही घ्या.

शिक्षणाचं थोडक्यात. विद्यापीठाचं बी.लिब., एम.लिब. हा पुण्यातला नेहमीचा रस्ता. दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्कूल ऑफ आर्काइव्हल स्टडीजमध्ये एक वर्षाची पदविका आहे आणि या कामासाठी ती मला जास्त नेमकी वाटते. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचा वर्ग असतो; आमच्या कामाला मोडी लागत नाही, पण जुने कागद हाताळायची नजर येते. आयएसओची मानकं महाग असतात. मात्र डिजिटल जतनाचा पाया असलेलं ओएआयएस प्रारूप, म्हणजे आयएसओ 14721, अवकाश संस्थांच्या समितीने तयार केलेलं आहे आणि तिच्याच संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतं. आयसॅड(जी)सुद्धा मोफत आहे.

सॉफ्टवेअरही आलंच. वर्णनासाठी ॲटम आणि जतनासाठी आर्काइव्हमॅटिका, दोन्ही मुक्त आहेत. लॅपटॉपवर बसवा. सरावाला बनावट फाइली घेऊ नका, आपल्या हाउसिंग सोसायटीचं दप्तर मागून घ्या. वार्षिक सभांची इतिवृत्तं, बिल्डरशी झालेला पत्रव्यवहार, शेअर सर्टिफिकेटं, पाण्याच्या टँकरची बिलं, जुन्या सेक्रेटरींच्या जीमेलमध्ये अडकलेला कन्व्हेयन्सचा मसुदा, सगळं आहे त्यात. त्याचं वर्गीकरण करा, मुदतीचा तक्ता करा आणि कमिटीसमोर मांडा. टँकरची बिलं किती वर्षं ठेवायची यावर जो वाद होईल, तो शांतपणे ऐका आणि टिपून ठेवा. मुलाखतीत या कामाबद्दल सांगितलंत तर समोरचे पुढे झुकून ऐकतील.

नोकरीबद्दल भाबडेपणा नको. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी असते आणि जिनिव्हात राहणं महाग. कायम पदांसाठी पदव्युत्तर पदवी आणि काही वर्षांचा अनुभव मागतात, स्पर्धा जगभरातून. बहुतेकांची सुरुवात अल्पमुदतीच्या सल्लागार कंत्राटाने किंवा आमच्यासारख्या बाहेरच्या टीममधून होते. कंत्राटात सुट्टीचा पगार, विमा आणि मुदतवाढीची भाषा नीट वाचा. इंग्रजीत नेटकं टिपण लिहिता येणं ही पहिली अट आहे. आणि फ्रेंच. जिनिव्हाच्या जुन्या फाइलींत फ्रेंच पत्रं सतत येतात. बोलता नाही आली तरी चालेल, पण पत्र कशाबद्दल आहे हे कळायला हवं. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा आलियाँस फ्राँसेझमध्ये नाव घालायचं असेल तर ते एम.लिब.च्या पहिल्याच वर्षी घाला, नंतर वेळ मिळत नाही.