लिक्विड कूल्ड बाईकचं इंजिन गोठलं? निदान या चुका तरी टाळा

इंजिन गार ठेवायला आत फिरणारं पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं. ॲल्युमिनियमच्या ओतीव भिंतीला ते सोसत नाही आणि तडा जातो. हे नुकसान पुष्कळदा एका भागापुरतं असतं. बाकीचं इंजिन जातं ते नंतरच्या घाईत, आणि दर थंडीत तीच घाई बघून आता खरंच वीट आलाय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे सेल्फ मारून बघणं. "चालू होतंय का एवढंच बघितलं" हे वाक्य ऐकलं की मला पुढचं कळतं. वॉटर पंपचा पंखा बर्फात रुतलेला असतो आणि त्याला फिरवणारा शाफ्ट इंजिनाला जोडलेला असतो. सेल्फ मारला की पंखा, शाफ्ट किंवा त्याचा गिअर, जो कमजोर असेल तो तुटतो. काहीच तुटलं नाही आणि गाडी सुरू झाली, तरी कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, फिरत नाही. हेड तापत राहतं आणि रेडिएटर तसाच गार.

बर्फ वितळल्यावरही धोका संपत नाही. तडा सिलिंडरमध्ये उघडत असेल तर पिस्टनच्या डोक्यावर पाणी साचलेलं असतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी स्पार्क प्लग काढा, गाडी वरच्या गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हातानं सावकाश फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका. प्लगच्या भोकातून पाणी उडालं तर तिथेच थांबा, इंजिन उघडावं लागणार.

बर्फ वितळवायला गरम पाणी ओतू नका, ब्लोटॉर्च तर नकोच. गोठलेल्या धातूला एका जागी एकदम उष्णता दिली की नवा तडा जाऊ शकतो. गाडी उबदार खोलीत ठेवा आणि एक-दोन दिवस तिच्याकडे फिरकू नका. ज्यांना तेवढाही धीर नसतो, त्यांची गाडी पुढे महिनोन् महिने उघडी पडलेली मी पाहिली आहे.

दुसरी चूक म्हणजे पहिली गळती सापडली की शोध थांबवणं. एका तरुणाची ट्रॅकवरची बाईक होती. कूलंटमधलं ग्लायकॉल, म्हणजे पाणी गोठू नये म्हणून मिसळतात ते रसायन, सांडलं की रस्ता निसरडा होतो, म्हणून बऱ्याच ट्रॅकवर ते चालत नाही आणि लोक साधं पाणी भरतात. यानंही तेच भरलं होतं. सीझन संपला, पाणी तसंच राहिलं आणि कडाक्याची थंडी पडली. बर्फ वितळल्यावर रेडिएटर गळताना दिसला. त्यानं जुना पण चांगला रेडिएटर आणून बसवला, कूलंट भरलं, बाहेर थेंब नाही हे बघितलं आणि गाडी रस्त्यावर काढली. पातळी दर वेळी थोडी उतरायची. तो वरून भरत राहिला. माझ्याकडे आणली तेव्हा काचेतून ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत होतं.

सिलिंडरच्या आतल्या भिंतीला केसाएवढा तडा होता आणि कूलंट थेट क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या ऑइलच्या भागात, उतरत होतं. वेळेवर कळलं असतं तर सिलिंडर बदलून भागलं असतं. पण ग्लायकॉल मिसळलेल्या ऑइलवर गाडी पळवल्यानं क्रँकची बेअरिंगं घासली गेली होती आणि क्रँकवर चरे पडले होते. बहुतेक बाईकमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच यांना एकच ऑइल असतं, त्यामुळे क्लच प्लेटही गेल्या.

अशा गाडीत कूलंट भरण्याआधी मी ऑइलचा ड्रेन बोल्ट हळूच सैल करतो. पाणी जड असल्यानं तळाशी बसतं, म्हणून पहिले थेंबच बोलतात. मग ऑइल पूर्ण काढतो, ड्रेन बोल्ट आणि स्पार्क प्लगची भोकं उघडीच ठेवतो, कूलिंग सिस्टिममध्ये पाणी भरतो आणि हातपंपानं दाब देतो. रेडिएटरच्या झाकणावर जो आकडा असेल, बहुधा 1.1 बार, तेवढाच. जास्त दाबानं चांगले जोडही फुटतात. रात्रभर तसंच ठेवलं की पाणी कुठून टपकतंय ते सकाळी दिसतं. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस दिसला तर लगेच घाबरू नका. थंडीत जवळच्या फेऱ्या मारल्या की वाफ साचूनही तो होतो. तळातलं ऑइल आणि कूलंटची पातळी बघून ठरवा.

गळती बंद करणारी पावडर टाकू नका. गोठून पडलेला तडा तिनं भरवशानं बुजत नाही, रेडिएटरच्या बारीक नळ्या मात्र बुजतात. पंपाखालच्या छोट्या भोकातून थेंब येत असेल तर आतलं सील गेलंय, ते बदला. त्या भोकात सिलिकॉन भरणारे लोक आहेत. बाहेर पडायची वाट बंद झाली की तेच कूलंट ऑइलमध्ये शिरतं. इपॉक्सी गोंद फक्त बाहेरच्या, हात पोचेल अशा तड्याला: दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून, खाच करून, ग्रीसचा अंशही न ठेवता. गॅस्केटच्या पृष्ठभागाजवळ तो नको.

कोअर प्लग, म्हणजे इंजिनाच्या भिंतीतल्या भोकांवर बसवलेली धातूची चकती, उडाला म्हणजे ब्लॉक वाचला, असंही समजू नका. ती भोकं ओतकामातली वाळू काढण्यासाठी असतात. प्लग उडाला, याचा अर्थ आत दाब तेवढा वाढला होता.

पुढच्या थंडीसाठी नुसता रेडिएटर रिकामा करून भागत नाही. पंपात आणि सिलिंडरभोवती पाणी उरतं. काही इंजिनांना, विशेषतः व्ही-ट्विनना (V आकारात दोन सिलिंडर असलेल्यांना), सिलिंडरवर वेगळे ड्रेन बोल्ट असतात. मी रिकामं ठेवतच नाही. डिस्टिल्ड वॉटर आणि इथिलिन ग्लायकॉल निम्मं-निम्मं भरतो. ते उणे 37 अंशांच्या आसपास गोठतं. "जास्त ते चांगलं" म्हणून नुसतं ग्लायकॉल ओतलं तर ते उणे 13 लाच गोठतं. भरल्यावर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन चालवा, नाहीतर मिश्रण वरच राहतं आणि ब्लॉकमध्ये जुनं पाणी. काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका. ते गोड लागतं, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात.