राऊटरचं फर्मवेअर अपडेट झालं आणि वायफाय रडायला लागलं, मग हे बघा आधी

परवा बहिणीकडं परभणीला गेलो तर भाची पार रडकुंडीला आलेली. नीटची तयारी चालूय तिची, रविवारी दुपारी दोनला ऑनलाईन टेस्ट असते, आणि नेमकं शनिवारी रात्री राऊटरनं आपलं आपणच फर्मवेअर (राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून घेतलं. सकाळपासून २०० एमबीपीएसच्या प्लॅनवर मोबाईलला कसंबसं ८-१० यायलंय, मधीच वायफाय गायब, परत येतंय. दाजी कस्टमर केअरला फोन लावून लावून वैतागले, तिकडून एकच उत्तर, लाईन ओके आहे सर, राऊटर बंद-चालू करा. दाजी तर नवीन राऊटर आणायला निघालेच होते, त्यांना थांबवलं. अपडेटनंतर राऊटर शक्यतो खराब झालेला नसतो, त्याच्या सेटिंगा बदललेल्या असतात, आणि त्या घरी बसून दुरुस्त होतात. म्हणून हे सगळं सविस्तर लिहायलोय.

बंद-चालू तर कराच, पण नीट करा. फायबरचा डबा आणि राऊटर दोन्हीचे प्लग काढा, एक मिनिट थांबा, आधी फायबरचा डबा लावा, त्याचे लाईट स्थिर होऊ द्या, मग राऊटर.

तरी फरक नाही पडला तर लगेच सेटिंगांत हात घालू नका. आधी लॅपटॉपला लॅन केबल लावून स्पीड टेस्ट घ्या, कारण दोष तारेत आहे का हवेत हे कळल्याशिवाय सगळा अंधारात दगड मारल्यासारखा प्रकार होतो. केबलवर पूर्ण स्पीड आला म्हणजे लाईन बरोबर, दोष वायफायचा. केबलवर स्पीड दरवेळी ९४-९५ वरच अडकत असेल आणि प्लॅन त्याच्या वरचा असेल तर केबल बघा. गिगाबिटला (१००० एमबीपीएसच्या लिंकला) केबलमधल्या आठही तारा लागतात, चारच जोडलेल्या असल्या किंवा क्लिप सैल असली की लिंक १०० वर येते. राऊटरचा पोर्टच १०० चा असला तरी तेच होणार, त्यात अपडेटचा काही दोष नाही.

दुसरी चाचणी पिंगची, म्हणजे डेटाचं छोटं पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघायची. लॅपटॉप वायफायवर घ्या, कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि राऊटरच्या पत्त्याला पिंग मारा, पत्ता बहुतेक १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो, राऊटरच्या खालच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. राऊटर जवळ असताना १ ते ५ मिलिसेकंद यायला पाहिजे. आमच्याकडं हॉलमधी बसून २, ३, मग एकदम ३४०, मग टाईम आऊट, असं दिसायलं. म्हणजे पॅकेट घराबाहेर जायच्या आधीच अडखळायलेत. राऊटरला पिंग चांगला आणि ८.८.८.८ ला (हा गूगलचा, घराबाहेरचा पत्ता) खराब असता तर मग कंपनीकडं बोट दाखवायचं.

आता सेटिंगा. तोच पत्ता ब्राउझरमधी टाकून लॉगिन करा, वायरलेसमधी जा आणि पहिल्यांदा रीजन बघा, इंडिया पाहिजे, कारण कोणती चॅनेल वापरायची आणि किती पॉवर सोडायची ते त्याच्यावरून ठरतं.

मग २.४ गिगाहर्ट्झ. वायफायचे दोन बँड असतात, हा लांब जाणारा पण हळू, दुसरा ५ गिगाहर्ट्झ, जवळचा पण वेगवान. ह्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. कॉलनीत लागून लागून घरं असली की दहा-पंधरा वायफाय सहज दिसतात, आणि अपडेटनंतर राऊटर ऑटोवर जाऊन चॅनेल ३ नाहीतर ८ धरून बसला, वर विड्थ (चॅनेलची रुंदी) ४० मेगाहर्ट्झ केली, की दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांचा गोंधळ आपल्या अंगावर. विड्थ २० करा, मोबाईलवर वायफाय अ‍ॅनालायझर टाकून १, ६, ११ पैकी मोकळं दिसेल ते चॅनेल हातानं निवडा.

५ गिगाहर्ट्झला वेगळी भानगड असते. ५२ ते १४४ ही चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेली आहेत, राऊटरला रडारचा सिग्नल वाटला की त्याला तिथून उठावंच लागतं, मग आपल्याला वाटतं वायफाय तुटलं. काही जुन्या मोबाईल-टीव्हीला तर ही चॅनेल दिसतच नाहीत. ३६ ते ४८ मधलं नाहीतर १४९ ते १६१ मधलं घ्या, विड्थ ८०.

आमच्याकडचा खरा चोर मात्र स्मार्ट कनेक्ट निघाला. अपडेटनं ते चालू करून दोन्ही बँडचं नाव एकच केलं होतं, आणि भाचीचा लॅपटॉप राऊटरपासून दहा फुटावर असून २.४ लाच चिकटलेला. ते बंद केलं, नावं वेगळी केली, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवाल्या नावावर टाकला, त्याच खोलीत १६० च्या वर स्पीड आला आणि पिंग गप ३ वर बसला.

सिक्युरिटीत डब्ल्यूपीए२ एईएस ठेवा. टीकेआयपी (जुनी एन्क्रिप्शनची पद्धत) राहिलं असलं तर स्पीड ५४ च्या वर जातच नाही, कितीही डोकं आपटा. डब्ल्यूपीए३ २०१८ नंतरचं, त्यामुळं फक्त तेच चालू झालं असलं तर जुने फोन जोडलेच जात नाहीत. क्यूओएस (कुणाला किती स्पीड द्यायचा ते ठरवणारी सेटिंग) चालू असेल आणि त्यात जुन्या प्लॅनचा आकडा असेल तर ते पण बंद करा.

जागा पण बघा. उन्हाळ्यात आपल्याकडं पाण्यानं भरलेला पत्र्याचा कूलर राऊटर आणि खोलीच्या मधी येतो, तो सिग्नल खाऊन टाकतो. जुनं माळवदाचं घर असेल तर त्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ पलीकडं जवळजवळ जातच नाही, तिथं केबल ओढून दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंटच (वायफाय सोडणारा वेगळा डबा) लावावा लागतो. राऊटर पत्र्याखाली माळ्यावर ठेवू नका, तापून मंद होतो.

एवढ्यानं नाही जमलं तर फॅक्टरी रीसेट. पण आधी पीपीपीओई (नेट कंपनीच्या लॉगिनचं) युजरनेम असेल तर पासवर्डसकट लिहून घ्या, सेटिंगांचे फोटो काढा. रीसेटच्या भोकात पिन घालून दहा सेकंद दाबा आणि सगळं हातानं भरा, जुना बॅकअप टाकू नका, नाहीतर तीच घाण परत येते. कंपनीच्या फायबरच्या डब्याला मात्र रीसेट मारू नका, त्यातली नोंदणी उडाली की माणूस येईपर्यंत नेट बंद.

जुनं फर्मवेअर परत टाकायचं असेल तर स्टिकरवरचं हार्डवेअर व्हर्जन जुळवा, व्ही१ ची फाईल व्ही२ ला चालत नाही, आणि काही राऊटर मागं जाऊच देत नाहीत. फाईल राऊटर बनवणाऱ्याच्याच साईटवरून घ्या, केबल लावून टाका आणि राऊटर यूपीएसवर असू द्या. आपल्याकडं लाईट कधी जाईल नेम नाही, आणि मधीच गेली तर राऊटर कायमचा बसू शकतो.

ऑटो अपडेट बंद नका करू, सुरक्षेची दुरुस्ती त्यातूनच येते. फक्त वेळ बदला. भाचीच्या राऊटरला सोमवारी पहाटे तीनची वेळ लावून दिली, म्हणजे काही बिघडलं तरी रविवारच्या टेस्टला आठवडा हातात.