गाड्यावरचा तळलेला नाश्ता खायचाच असेल, तर असा निवडा

बेळगावात सकाळी गोवावेसला जा नाहीतर बसस्थानकाकडे, पुरी-भाजी, उडीदवडा आणि मिरची भजीच्या वासातून सुटका नाही. पावसाळ्यात खानापूर भागात झड लागली की मग तर विचारूच नका. त्यामुळे 'बाहेरचं तळलेलं बंद करा' हा सल्ला इथे कुणी ऐकत नाही, आणि मीही तो देणार नाही. भज्यापेक्षा कढईतल्या तेलापासून जपायला हवं.

१. आधी कढई बघा, मग प्लेट सांगा

गाड्याजवळ दोन मिनिटं नुसतं उभं राहा. चांगल्या तेलात भजी सोडली की भोवती मोठे बुडबुडे येतात आणि ती तळत आली की कमी होतात. थकलेल्या तेलावर बारीक, दाट फेस धरतो आणि तो खाली बसतच नाही. तेलाचा रंग काळपट, झाऱ्यावरून निथळताना चिकट धार, नीट तापायच्या आधीच धूर, नाकाला झोंबणारा खवट वास: यातली दोन लक्षणं दिसली तरी पुढचा गाडा गाठा. कढईचा काठ काळा असला म्हणून लगेच पाठ फिरवू नका, कढई जुनी असते. निकाल तेलावर लावा.

तेल वारंवार तापवलं की त्यात 'टोटल पोलर कंपाउंड्स' नावाचे घटक वाढत जातात. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्यापुढे गेलेलं तेल वापरता येत नाही. 'रोज नवीन तेल घालतो की!' असं गाडेवाले मामा सांगतील, आणि ते खोटंही नसेल. पण कालच्या तेलात ओतलेलं ताजं तेलही लवकर बिघडतं. म्हणून विचारायचंच तर 'मामा, कालचं तेल काढलं काय?' असं विचारा.

२. समोर तळलेला घाणाच घ्या

परातीत गार झालेली भजी गिऱ्हाईक आलं की पुन्हा तेलात बुडवून देतात. कुरकुरीत लागते, पण दुसऱ्यांदा तेल पिऊन येते. तेल पुरतं तापलेलं नसलं तरी तेच होतं. थोडं थांबावं लागलं तरी चालेल, नवा घाणा येऊ द्या.

३. एक भजी मोडून बघा

आत नुसती जाळी आणि बोटं तेलानं माखली, तर पिठात सोडा जास्त पडलाय. खायच्या सोड्यातही सोडियम असतं, हे बीपीवाल्यांनी विसरू नये. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. भजी, वरून भुरभुरलेलं मीठ आणि चटणी मिळून त्यातलं बरंच सकाळीच संपतं.

४. वर्तमानपत्रात बांधून घेऊ नका

गरम तेलाबरोबर छपाईची शाई खाण्यात उतरते. अन्न वर्तमानपत्रात गुंडाळायला कायद्यानेही मनाई आहे. पार्सलसाठी घरून स्टीलचा डबा न्या.

५. इडलीच्या ताटातही डोकवा

तळलेलं नको म्हणून इडलीकडे वळणारे निर्धास्त असतात. पण काही ठिकाणी साच्यात कापडाऐवजी प्लॅस्टिक घालून इडली वाफवतात असं आढळल्यावर २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने त्यावर बंदी जाहीर केली. साच्यात काय घातलंय ते बघून घ्या.

६. किती आणि कुणी

आठवड्यातून एखाद्या दिवशी, एकच प्लेट. बाकी दिवशी उप्पीट, पोहे किंवा चुरमुऱ्याचा सुसला आहेच. एक ग्रॅम तेलातून ९ कॅलरी मिळतात, तेव्हा भजी खाल्लेल्या दिवशी दुपारच्या भाजीला फोडणी बेताचीच घाला. मधुमेह असेल तर मैद्याच्या पुऱ्या आणि वर बटाट्याची भाजी ही जोडी टाळलेली बरी. हृदयविकाराचे पथ्य असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

घरी भजी करताना लहान कढईत थोडंच तेल घ्या. उरलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा तळणाला नको. काळं पडलेलं तेल मोरीत ओतू नका, पाईप तुंबतो.