रांगेतला स्वार: घोडेस्वारांच्या सांघिक कवायतीचा पहिला दिवस

एकट्याने घोडा उत्तम चालवणारी मुलेदेखील सांघिक कवायतीच्या, म्हणजे संगीताच्या साथीने अनेक स्वार मिळून घोडे ठरावीक आकृत्यांत फिरवतात आणि आपल्याकडे ज्या प्रकाराला ‘म्युझिकल राइड’ म्हणतात त्याच्या, पहिल्या सरावात गोंधळून जातात. त्यांची मांड कच्ची असते म्हणून हे घडत नाही. इतके दिवस त्यांचे सारे लक्ष स्वतःच्या घोड्यावर असते. इथे मात्र पुढचा, शेजारचा आणि समोरून येणारा असे तीन घोडे एकाच वेळी ध्यानात ठेवावे लागतात. कॅनडाच्या रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलिस दलाची प्रसिद्ध कवायत बत्तीस स्वार सादर करतात आणि त्या परंपरेचा आरंभ १८८७ मध्ये रेजायना येथे झालेल्या प्रात्यक्षिकापर्यंत मागे नेला जातो. पण बत्तीस स्वार असोत की आठ, कौशल्याचा गाभा एकच आहे, आणि तो म्हणजे अंतर राखणे. वॉक (संथ चाल) आणि ट्रॉट (आपली दुडकी) या दोन चाली स्वतंत्रपणे सांभाळता येणाऱ्या, साधारण बारा ते सोळा वर्षांच्या आणि आठ जणांच्या गटात प्रथमच उतरणाऱ्या मुलामुलींना समोर ठेवून पुढील सूचना लिहिल्या आहेत.

तयारी आदल्या रात्रीच करावी. हेल्मेट, पोटऱ्या झाकणारी विजार, हातमोजे आणि सुमारे अडीच सेंटिमीटर टाच असलेले बूट एका जागी काढून ठेवावेत. टाच नसलेला बूट रिकिबीतून आरपार जाऊ शकतो, आणि पडताना पाय रिकिबीत अडकणे हा घोडेस्वारीतील सर्वांत भयंकर अपघातांपैकी एक आहे. म्हणून खेळाचे बूट घालून कोणी आल्यास उस्तादांनी त्याला घोड्यावर बसू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सकाळी निघण्यापूर्वी एखादे केळे किंवा अर्धी पोळी खावी. उपाशीपोटी तासभर घोड्यावर बसल्यास लक्ष ढळते, आणि कवायतीत लक्ष ढळल्याचा परिणाम एकट्याला भोगावा लागत नाही.

सराव सहाला असेल तर सव्वापाचला पागेत पोहोचावे. तुम्हाला मिळणारा घोडा बहुधा संस्थेचा असतो. मराठ्यांच्या फौजेत स्वतःचा घोडा आणणाऱ्याला शिलेदार आणि सरकारी पागेतील घोड्यावर बसणाऱ्याला बारगीर म्हणत. या अर्थाने तुम्ही बारगीर आहात, आणि परक्या घोड्याची ओळख करून घेणे हे तुमचे पहिले काम आहे. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसत असले, तरी कपाळाच्या अगदी समोरचा आणि शेपटीच्या थेट मागचा भाग त्याच्या नजरेत येत नाही. म्हणून त्याला हाक मारत डाव्या खांद्याच्या बाजूने जवळ जावे. मांसल भागावर गोलाकार खरारा करावा, नंतर मऊ ब्रशने केसांच्या दिशेने धूळ काढावी, आणि टापा साफ करताना आकडी टाचेकडून पुढच्या टोकाकडे चालवून मधला मऊ त्रिकोणी भाग जपावा. खोगीर किंचित पुढे ठेवून मागे सरकवावे, म्हणजे खालचे केस सरळ बसतात. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना पुष्कळ घोडे पोट फुगवून धरतात. तेव्हा चार-पाच मिनिटे चालवून झाल्यावर आणि स्वार होण्यापूर्वी तो पुन्हा तपासणे आवश्यक आहे.

याच वेळी साईस काकांना, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्यांना, एक प्रश्न अवश्य विचारावा: या घोड्याला शेजारी कोण चालतो आणि कोण चालत नाही? मुंबई-पुण्याकडील अनेक घोडेस्वारी शाळांत रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचे, घोडे असतात. दुसरा घोडा बाजूला आला की वेग वाढवायचा, हे त्यांच्या अंगात मुरलेले असते, त्यामुळे जोडीने चालण्याची साधी हालचालही त्यांना शर्यतीची आठवण करून देते. असा घोडा तुमच्या वाट्याला आला, तर ही गोष्ट उस्तादांच्या कानावर घालून सुरुवातीला त्याला शांत, वयस्क घोड्याच्या शेजारी जागा मागून घ्यावी. एखाद्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधलेली दिसली, तर तो लाथ मारतो असे समजावे आणि त्याच्या मागे नेहमीपेक्षा अधिक अंतर सोडावे.

घोड्यावर बसण्याआधी संपूर्ण आकृती पायी चालून पाहावी. हा भाग मुलांना कंटाळवाणा वाटतो आणि तेवढ्यासाठी तो वगळला जातो, हे मला मनापासून खटकते, कारण दिवसभरातील निम्म्या चुका इथेच टळतात. मैदान चाळीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद धरले, तर कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण सुमारे पंचेचाळीस मीटरचा होतो. आठही जणांनी आपापल्या क्रमांकाने हा मार्ग चालावा, वळणाची जागा मोठ्याने उच्चारावी आणि कोण कोणाच्या मागून जाणार हे परस्परांना सांगावे. जमिनीवर पाय ठेवून जो मार्ग सांगता येत नाही, तो घोड्यावर बसून आठवत नाही.

स्वार झाल्यावर पहिली पंधरा मिनिटे घोडा मोकळा करण्यासाठी आहेत. ‘घोडा का अडला, पान का सडले, भाकरी का करपली’ या जुन्या कोड्याचे ‘न फिरवल्यामुळे’ हे उत्तर इथे शब्दशः लागू पडते: रात्रभर ठाणावर उभा असलेला घोडा थेट रांगेत आणला, तर तो ताठरतो, नाहीतर उसळतो. पाच मिनिटे वॉक आणि नंतर डाव्या व उजव्या अशा दोन्ही दिशांना ट्रॉट एवढे पुरेसे आहे. या काळात प्रत्येकाने दुसऱ्याला वाट देताना डावा खांदा डाव्या खांद्याच्या बाजूने जाईल अशा रीतीने एकमेकांना ओलांडावे.

मग एकेरी रांग. दोन घोड्यांमध्ये एका घोड्याच्या लांबीइतके, म्हणजे सुमारे आठ फूट, अंतर असावे. आपल्या घोड्याच्या दोन कानांमधून पुढच्या घोड्याच्या मागच्या टाचा दिसत असतील, तर अंतर योग्य आहे. केवळ पुठ्ठा आणि शेपूट दिसू लागली, तर तुम्ही फार जवळ आला आहात. या हिशेबाने आठ घोड्यांची रांग सुमारे छत्तीस मीटर लांब होते, म्हणजे मैदानाची जवळजवळ पूर्ण लांब बाजू व्यापते, आणि पहिला स्वार कोपरा वळत असताना शेवटचा अजून मागच्या कोपऱ्यातून बाहेर पडत असतो.

अंतर बिघडणारच. ते दुरुस्त कसे करावे, हा या सबंध दिवसातील सर्वांत महत्त्वाचा धडा आहे. मागे पडलेला स्वार टाच मारून घोडा पुढे पळवतो, जवळ आला की लगाम ओढतो, त्याच्या मागचा त्याहून जोरात ओढतो, आणि ही लाट वाढत वाढत शेवटच्या स्वारापर्यंत पोहोचून त्याला थेट थांबायला लावते. हे टाळण्यासाठी वेगाला हात न लावता कोपरा वापरावा. पुढच्याच्या फार जवळ आलात, तर कोपऱ्यात खोल जाऊन वळावे, म्हणजे तुमचा मार्ग लांबतो. मागे पडलात, तर कोपरा किंचित आधी वळून मार्ग आखूड करावा. घोड्याची लय दोन्ही वेळी तीच राहते. मी शिकत असताना आमच्या रांगेत शेवटून दुसऱ्या जागेवर असे आणि महिनाभर प्रत्येक फेरीत लगामाशी झगडत होतो. कोपऱ्याची ही युक्ती उमगल्यानंतर माझा घोडा आठवडाभरात मान सैल सोडून चालू लागला.

जोडीने चालताना गुडघ्याला गुडघा समांतर ठेवावा आणि मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारी पाहावे, कारण मान वळली की खांदा वळतो आणि खांदा वळला की घोडा सरकतो. वळणावर आतल्या स्वाराने चाल आवरावी व बाहेरच्याने पाऊल लांबवावे. याच तत्त्वाचे मोठे रूप म्हणजे चक्र. चार घोडे एका ओळीत उभे राहून एका मध्यबिंदूभोवती फिरतात, तेव्हा केंद्रापासून दीड मीटरवर असलेला पहिला घोडा एका फेरीत सुमारे साडेनऊ मीटर चालतो, तर सहा मीटरवरचा चौथा जवळजवळ अडतीस मीटर. बाहेरचा ताशी तेरा किलोमीटरच्या सामान्य ट्रॉटने गेला, तर आतल्याला त्याच्या एक चतुर्थांश वेगाने, म्हणजे नेहमीच्या वॉकच्याही निम्म्या गतीने, फिरावे लागते. म्हणून सर्वांत संयमी स्वार आणि सर्वांत थंड डोक्याचा घोडा आत ठेवतात. नवशिक्याला बहुधा मधली जागा मिळते; ती कमी महत्त्वाची समजू नये, कारण ओळ वाकते ती मध्येच.

कर्णावरील छेद ही पाहणाऱ्यांच्या काळजाचा ठोका चुकवणारी हालचाल आहे. दोन रांगा दोन कर्णांवरून येतात आणि मध्यावर एकेक घोडा आळीपाळीने दुसऱ्या रांगेतील फटीतून जातो. त्यासाठी दोन घोड्यांमधील अंतर दुप्पट, म्हणजे दोन घोड्यांच्या लांबीइतके करावे. ज्या घोड्याच्या मागून जायचे आहे त्याच्या शेपटीवर नजर ठेवावी. डोक्यावर नजर ठेवली, तर घोडा त्याच दिशेने जाऊन धडकण्याचा संभव असतो. मध्यावर भीती वाटली तरी थांबू नये, कारण थांबलेला घोडा मागून येणाऱ्या तिघांच्या वाटेत उभा राहतो. पहिल्या दिवशी हा छेद केवळ वॉकमध्येच करावा आणि कोणी कितीही आग्रह केला तरी ट्रॉटमध्ये करू नये.

कोणी पडल्यास उस्तादांच्या आज्ञेसरशी, आणि ती आज्ञा ऐकू आली नाही तरीही, सर्वांनी जागच्या जागी थांबावे. मोकळा सुटलेला घोडा पकडण्यासाठी घोड्यावरून पाठलाग करू नये; साईस काका पायी जाऊन त्याला आणतील. पडलेल्या मुलाचे डोके आपटले असल्यास, तो कितीही बरे वाटते म्हणाला तरी, त्या दिवशी त्याने पुन्हा स्वार होऊ नये.

संगीत सर्वांत शेवटी येते. घोडा तालावर चालतो असा अनेकांचा समज आहे. वास्तविक घोड्याची पडणारी पावले मोजून, त्यांना जुळेल अशी धून निवडली जाते. म्हणून आधी आपल्या घोड्याची नैसर्गिक लय स्थिर करावी, म्हणजे ताल आपोआप सापडेल.

सराव संपताच उतरून तंग दोन छिद्रे सैल करावा आणि घोड्याचा श्वास शांत होईपर्यंत, निदान दहा मिनिटे, त्याला हाताने चालवावे. मग पाणी पाजावे, पाय चाचपून कुठे ऊब किंवा सूज नाही ना हे पाहावे, टापा पुन्हा साफ कराव्यात. चंदी (दाणा) लगेच देऊ नये, साधारण तासाभराने द्यावी. लगामाचे तोंडातील लोखंड पाण्याने धुऊन ठेवावे, नाहीतर वाळलेली लाळ उद्या घोड्याचे ओठ सोलते. घरी आल्यावर वहीत मैदानाचा आयत काढून आपला मार्ग एका रंगाने, शेजाऱ्याचा दुसऱ्या रंगाने आखावा आणि जिथे अंतर बिघडले त्या कोपऱ्यावर खूण करून ठेवावी. पुढच्या सरावाला पायी चालताना त्या खुणेपाशी पहिल्यांदा थांबायचे आहे.