सेप्टिक टँकसाठी सबमर्सिबल पंप घेताना या चुका टाळा

कोल्हापुरात पंपाच्या दुकानात शिरलेला माणूस आधी विचारतो, "किती एचपीचा घेऊ?" उसाला पाणी पाजणाऱ्या जिल्ह्यात ही सवय असणारच. पण सेप्टिक टँकमधला पंप एचपी कमी पडल्याने क्वचितच जळतो. तो अडकतो, कोरडा चालतो किंवा सील जाऊन मोटरमध्ये पाणी शिरतं. तेव्हा एचपीचा प्रश्न शेवटी ठेवा. साध्या घराला अर्धा ते एक एचपी पुरतो.

त्याआधी पंप लागतोय का, तेच बघा. तळघरात संडास असेल, गटार टाकीच्या तोंडापेक्षा उंच असेल, किंवा नदीकाठच्या काळ्या जमिनीत शोषखड्डा पावसाळ्यात पाणी घेईनासा झाला असेल, तर पंपाचा विचार करावा. टाकी नुसती गाळाने भरली असेल तर मात्र पंप हा इलाज नाही. सक्शन टँकर बोलवा. दोन-तीन वर्षांतून एकदा तो लागतोच.

पडून असलेली मोटर टाकीत सोडणं

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. विहिरीची किंवा बोअरची मोटर स्वच्छ पाण्यासाठी बनवलेली असते. तिच्या इंपेलरमधल्या (पाणी फेकणाऱ्या पंख्यातल्या) फटी अरुंद असतात, एक चिंधी गेली की खेळ खल्लास. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर अनेकांनी पार्किंगमधलं पाणी उपसायला डिवॉटरिंग पंप घेतले. ते गढूळ पाणी ओढतात, पण त्यांच्या तळाच्या जाळीतून बारीक खडेच जातात, मैला नाही.

आपल्याला हवा सिवेज पंप, म्हणजे मैलापाण्यासाठीच बनवलेला. कॅटलॉगमध्ये 'सॉलिड हँडलिंग' हा आकडा शोधा, म्हणजे केवढ्या आकाराची घाण पंपातून जाऊ शकते तो. घरासाठी ३५ ते ५० मिमी बरा. तो आकडा दुकानदाराला सांगता येत नसेल तर पुढच्या दुकानात जा. इंपेलर व्होर्टेक्स जातीचा असेल तर उत्तम. तो मागे सरकवून बसवलेला असतो, समोर भोवरा तयार होतो आणि घाण बरीचशी त्याला न शिवताच बाहेर पडते. वीज थोडी जास्त खातो, खरं आहे. पण घरचा पंप दिवसातून काही मिनिटंच चालतो, त्याचं बिल ते किती येणार!

कटरवाल्या पंपाची भुरळ अनेकांना पडते. लांबच्या ड्रेनेज लाइनीला मैला ढकलायचा असेल तर तो योग्य. शोषखड्ड्याला जोडणार असाल तर घेऊ नका. बारीक झालेला मैला खड्ड्याच्या भिंतीत जाऊन बसतो आणि जमीन पाणी प्यायची बंद होते. आणि कटर असला तरी सॅनिटरी पॅड, कापड, वेट वाइप्स यांचा गुंता होतोच.

पहिल्या कप्प्यात पंप

टाकीच्या पहिल्या कप्प्यात खाली गाळ आणि वर तवंग असतो. तिथे पंप ठेवला की तो गाळच ढवळतो, आणि टाकीचं निवळण्याचं काम मोडतं. पंप शेवटच्या कप्प्यात ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे टाकीनंतर वेगळा छोटा सम्प (पाणी जमायचा हौद) करा आणि त्यात विटांच्या ओट्यावर, तळापासून अर्धा फूट वर बसवा. उपसलेलं पाणी कुठे जाणार, तेही आधी ठरवा. उघड्या गटारात सोडलं तर ते नाल्यातून पंचगंगेलाच जाऊन मिळतं.

हेड आणि पाइप

पंपावर लिहिलेलं 'मॅक्स हेड' म्हणजे ज्या उंचीवर पाणी यायचंच बंद होतं ती उंची. पाच मीटर चढवायचं असेल तर मॅक्स हेड नऊ-दहा मीटरचं बघा. पाइपातलं घर्षण आणि बेंडही हेड खातात.

पाइप एक इंची करून पैसे वाचवू नका, तो तुंबणारच. पण तीन इंचीची हौसही नको. घाण पाइपात बसू नये म्हणून पाण्याला सेकंदाला साधारण ०.७ मीटर वेग लागतो. दोन इंची पाइपात तो वेग मिनिटाला ८५ लिटरला मिळतो, तीन इंचीत त्यासाठी १९० लिटर लागतात. छोट्या पंपाला दोन इंचीच बरा.

बॉडी, सील आणि छोट्या वस्तू

शिरोली आणि उद्यमनगरच्या फाउंड्रींनी कोल्हापूरकराला कास्टिंग कळतं, त्यामुळे बॉडीबद्दल फार सांगायला नको. जाड कास्ट आयर्न टाकीत चांगला टिकतो. फसवतात ते बोल्ट आणि साखळी. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड वायू पाण्याच्या वर असलेलं लोखंड लवकर खातो, म्हणून हे एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ चे घ्या. चुंबक लावून खात्री होत नाही, कारण स्वस्त २०२ ग्रेडही चुंबकाला सहसा चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

सील दुहेरी हवं, मध्ये तेलाचा कप्पा असलेलं. घाणीकडचं सिलिकॉन कार्बाइडचं. मोटरला थर्मल कटऑफ (तापली की आपोआप बंद करणारा) हवा, कारण तिला थंड ठेवणारं पाणी तेच, भोवतालचं. फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा, पातळीप्रमाणे पंप चालू-बंद करणारा) असा लावा की पंप उघडा पडायच्या आत बंद होईल.

वायरमन सर्रास करतात ती चूक म्हणजे टाकीत केबलचा जोड. टेप कितीही गुंडाळा, ओल केबलच्या आतून मोटरपर्यंत पोचते. केबल अखंड बाहेर काढा आणि पंप केबलला धरून कधीच उचलू नका. लाइनीवर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग हवंच.

बसवल्यावर बिघडला तर

पंप चालतो पण पाणी येत नाही: बहुधा एअर लॉक. पंपाच्या वर, एनआरव्हीच्या (पाणी मागे येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) खाली, पाइपाला ४-५ मिमीचं भोक पाडा. नुसता गुणगुणतो: लगेच बंद करा, इंपेलर अडकलाय किंवा कॅपॅसिटर गेलाय. दर दोन मिनिटांनी चालू-बंद होतो: एनआरव्ही गळतोय, किंवा फ्लोटची दोरी आखूड आहे. एनआरव्ही बॉलचा घ्या, झडपेचा मैल्यात अडकतो. ईएलसीबी पडत असेल तर पुन्हा पुन्हा वर करू नका. पंप काढा.

काढायचा तो बाहेरूनच, दोरीने. टाकीत कुणीही उतरू नये, एक मिनिटही नाही. आतला वायू जीव घेतो, आणि कुणाला मैल्याच्या टाकीत उतरवून साफ करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की नागाळा पार्क, दुधाळीकडचे लोक घाईने टाकी उपसायला बघतात. तसं करू नका. भोवतालच्या जमिनीत पाणी भरलेलं असताना टाकी रिकामी केली तर फायबरची टाकी चक्क वर उचलली जाते, विटांची तडकते.

जे करायचं ते मे महिन्यात करा. पंप वर काढून धुवा, उद्यमनगरात नेऊन सीलचं तेल तपासून घ्या. तेल दुधासारखं पांढरं दिसलं तर पाणी आत शिरलंय. तेव्हाच सील बदललं तर रिवाइंडिंगचा (मोटर नव्याने गुंडाळण्याचा) खर्च टळतो.