वसई एका दिवसात कशी पाहावी (आणि किल्ल्यात कसं हरवू नये)

वसईत राहायला आल्यापासून आमच्याकडे पाहुण्यांचा राबता आहे. बहुतेक जण येताना मोबाइलवर ‘वसईतली पंधरा ठिकाणं’ अशी काहीतरी यादी घेऊन येतात. तीत जीवदानी असते, अर्नाळा असतो, वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडंही असतात. वज्रेश्वरी इथून किती लांब आहे याचा यादीवाल्याला पत्ता नसतो. अशा यादीच्या मागे लागलात तर दिवस रिक्षात जाईल. माझं ऐका: सकाळ किल्ल्याला द्या, दुपार पोटाला आणि बाजाराला. बाकीचं पुढच्या खेपेला.

यायचं कसं

विरार लोकल पकडून वसई रोडला उतरा. सकाळी गर्दीचा लोंढा मुंबईकडे असतो, तुम्ही उलटे येणार, म्हणजे बसायला मिळेल. कल्याण-डोंबिवलीकरांनी दादरपर्यंत हेलपाटा घालू नये, दिव्याहून वसईला थेट गाडी आहे. पण दिवसातून मोजक्याच, तेव्हा वेळ आधी बघा. २०२४ पासून भाईंदर-वसई रो-रो, म्हणजे गाड्या वाहून नेणारी बोटही सुरू झाली आहे, गाडी घेऊन येणाऱ्यांची तिने सोय केली. स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडा. वसई गाव तिथून सहा-सात किलोमीटर आहे, चालत जायचा विचार करू नका.

किल्ल्याच्या दारात साडेसातला हजर असायला हवं. साडेदहाला येऊन ‘किल्ल्यात काही बघण्यासारखं नाही’ म्हणणारे मला दर महिन्याला भेटतात.

किल्ला: इथेच सगळे चुकतात

गावाकडून आलेला डांबरी रस्ता किल्ल्याच्या पोटातून थेट किल्लाबंदरच्या कोळीवाड्यापर्यंत जातो. पाहुणा गावाच्या बाजूने आत शिरतो, चिमाजीअप्पांच्या स्मारकापाशी फोटो काढतो, समोरचे दोन पडके बुरूज बघतो, घाम पुसतो आणि परत फिरतो. खरा किल्ला रस्त्याच्या दोन्ही अंगांना झाडीत आहे आणि तो रस्त्यावरून दिसत नाही.

मीही फसलो आहे. सांगलीहून मामा-मामी आले होते. मे महिना, दुपारचे बारा. मला वाटलं, आपण इथले, आपल्याला वाट काय विचारायची? एक पायवाट धरली, ती दुसरीला मिळाली, दुसरी घाणेरीच्या जाळीत संपली. पाऊण तास आम्ही त्याच एका भिंतीला फेऱ्या मारत होतो. मामींच्या चपलेचा अंगठा तुटला, त्यांनी तो साडीच्या पिनेने जोडला आणि तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद केलं. शेवटी भिंतीपलीकडून बसचा हॉर्न ऐकू आला. रस्ता पन्नास पावलांवर होता! त्या दिवशी तीन गोष्टी शिकलो, त्या पाळल्यात तर तुमचा दिवस वाया जाणार नाही.

पहिली: सुरुवात उलटी करा. किल्लाबंदर किंवा पाचूबंदरची बस धरा, नाहीतर रिक्षावाल्याला ‘थेट किल्लाबंदर’ सांगा आणि गावाकडे चालत परत या. सकाळी बंदरावर जाग असते. थंडीच्या दिवसांत बांबूंवर बोंबील वाळत घातलेले दिसतील. वासाने नाक मुरडायचं असेल तर वसईला येऊच नये. तिथून दर्या दरवाजा, त्याच्या जवळच सेंट जोसेफचं पडकं कॅथेड्रल, आणि मग हळूहळू गावाच्या बाजूच्या भूदरवाजाकडे. असं केलं की चालणं संपतं तिथे जेवण येतं. उलट केलंत तर थकून भागून बंदरावर बसची वाट बघत उभे राहाल.

दुसरी: डांबरी रस्ता म्हणजे पानाची मधली शीर समजा. एका पायवाटेने आत जा, एक वास्तू बघा आणि त्याच पायवाटेने रस्त्यावर परत या. ‘इथूनच पलीकडे निघू’ हा मोह नको. झाडीत जुन्या विहिरी आहेत, पोरांना पुढे पळू देऊ नका. दिशा कळावी म्हणून पडक्या भिंतीवर चढणाऱ्यांना तर मी ओरडूनच खाली उतरवतो. चुना सुटलेला दगड पायाखाली कधी निसटेल सांगता येत नाही. कॅथेड्रलच्या मनोऱ्याकडे खालूनच बघा.

तिसरी, आणि हीच महत्त्वाची: उन्हाचा कोन. कॅथेड्रलच्या दर्शनी भागावर १६०१ सालचा जीर्णोद्धाराचा लेख आहे. फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्चचं छप्पर कधीच गेलं, पण त्याच्या मोठमोठ्या कमानी आभाळाखाली अजून उभ्या आहेत आणि खाली सगळी जमीन थडग्यांच्या शिळांनी मढलेली आहे. भर दुपारी त्या शिळा नुसत्या करड्या फरशा दिसतात. मी स्वतः दोन वेळा त्यांच्यावरून चालत गेलो होतो, खाली बघितलंही नव्हतं. एकदा डिसेंबरात आठच्या सुमारास गेलो. ऊन तिरकं आलं होतं, कोरलेल्या अक्षरांत सावली भरली होती आणि अख्खी जमीन वाचता येऊ लागली. ‘सेपुलतुरा’ हा शब्द शोधा, पोर्तुगीजमध्ये थडगं. मग नाव, मग साल. काही शिळांवर घराण्याची ढालीसारखी चिन्हं आहेत, झिजलेली, पण बोट फिरवलं की कडा लागते. त्यांच्याखाली सोळाव्या-सतराव्या शतकातली माणसं आहेत. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू फासू नका, दगडाने घासू नका. हे दोन्ही करणारे महाभाग मी पाहिलेत. पालापाचोळा हाताने बाजूला सारला की पुरे.

म्हणून सांगतो, यायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. पावसाळ्यात किल्ला हिरवागार आणि देखणा दिसतो, फोटोही झकास येतात, पण याच शिळा गवताखाली जातात. तुम्हाला किल्ला बघायचाय की हिरवळ, ते आधी ठरवा. लग्नाआधीच्या फोटोंसाठी गाऊन घालून आलेली जोडपी मात्र बारा महिने असतात. त्यांना वळसा घालून पुढे जा, तासाभराने कमान रिकामी होते.

इतिहास थोडक्यात कानावर असू द्या, म्हणजे दगड बोलतात. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहने वसई पोर्तुगीजांना दिली, मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती घेतली. मधली २०५ वर्षं इथे एक अख्खं पोर्तुगीज शहर नांदत होतं. इथली चर्चं काही एकाच पंथाची नव्हती. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट अशी प्रत्येकाची आपापली वास्तू. वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सियाला १५९७ मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर मारलं आणि १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. त्याच्या नावाचं चर्च आतच आहे. किल्ल्यातच वज्रेश्वरी देवी आणि नागेश्वराची देवळंही आहेत, तिथे चप्पल काढायला विसरू नका. आणि इथल्या चर्चच्या घंटा बघायच्या असतील तर वाईजवळच्या मेणवलीला, भीमाशंकरला किंवा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात जा. मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून त्या नेल्या. पुढे १८०२ मध्ये याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, त्याबद्दल आम्ही वसईकर जास्त बोलत नाही.

पाणी सोबत हवंच, आत टपऱ्यांच्या भरवशावर राहू नका.

जेवण आणि बाजार

वसई गावातल्या पारनाक्याच्या आसपास मासळीची ताटं मिळतात. जिथे स्थानिक माणूस एकटा बसून जेवतोय तिथे शिरा.

बाजारात सुकेळी विचारा. राजेळी केळी पिकवून, सोलून उन्हात वाळवतात आणि केळीच्याच सुक्या पानात बांधून विकतात. पावसाळा सोडून, कडक ऊन असतं तेव्हाच चांगली होते. खरी सुकेळी मधासारखी तपकिरी, चिकट आणि दाताला किंचित ओढ देणारी. कोणी केळ्याचे वेफर पुढे केले तर हसून पुढच्या दुकानात जा. भाव ऐकून दचकू नका, राजेळीच्या बागा आता किती उरल्यात ते रिक्षातून दिसेलच. मऊ असतानाच खा; महिनाभर डब्यात ठेवून ‘कडक झाली’ म्हणून मला फोन करू नका.

संध्याकाळ

जीव उरला असेल तर समुद्रकिनारी सुरुची बागेत सुरूच्या झाडांखाली बसा. पाणी गढूळ आहे, पोहायला जाऊ नका. जीव उरला नसेल तर सरळ स्टेशन.

नालासोपाऱ्याचा स्तूप, ज्याला लोक बुरुड राजाचा कोट म्हणतात, याच दिवसात कोंबू नका. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तो खणला, तो निवांत बघायची जागा आहे. त्यासाठी वेगळी सकाळ ठेवा.

परतीला शक्यतो अंधार पडायच्या आधीची गाडी धरा आणि खिडकी मिळवा. नायगाव सुटलं की गाडी खाडीवर येते आणि दोन पुलांच्या मधे पाणजू बेट लागतं. तोवर सुकेळीचं बांधलेलं पान सोडायला हरकत नाही.