काळी दारू मापताना या चुका टाळा

अमेरिकेत काउबॉय अ‍ॅक्शनच्या (जुन्या काउबॉय काळातल्या बंदुकांच्या नेमबाजीच्या) स्पर्धांमध्ये किंवा जुन्या रायफलींच्या नेमबाजीत रमलेल्या मराठी मंडळींकडून बंदुकीच्या काळ्या दारूबद्दल (ब्लॅक पावडर) एक प्रश्न हमखास येतो. "माप ७० ग्रेनवर लावलं, दारू काट्यावर टाकली, तर ५० च दाखवतोय. माप खोटं आहे का?" माप खरं असतं आणि काटाही खरा असतो. गोंधळ आकड्याच्या अर्थात आहे, आणि काडतूस भरताना होणाऱ्या निम्म्याअधिक चुकांचं मूळ तिथेच सापडतं.

आधी एक खुलासा. पुढचं सगळं अमेरिकेतल्या, जिथे हा छंद कायदेशीर आहे तिथल्या लोकांसाठी आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत, त्यामुळे तिकडे हे घरी करून पाहण्याचा प्रश्नच नाही. शिवाय इथले आकडे हिशोब समजावा म्हणून दिले आहेत. प्रत्यक्ष भरण्यासाठी दारू बनवणाऱ्या कंपनीचा चालू तक्ताच समोर हवा.

वजनाचा ग्रेन आणि मापाचा ग्रेन

ग्रेन हे वजनाचं एकक. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड, एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. पण काळी दारू पिढ्यान्‌पिढ्या पितळी मापाने मोजली गेली, आणि त्या मापावरच्या रेघा खऱ्या काळ्या दारूच्या हिशोबाने आखलेल्या असतात. मापावरचे ७० म्हणजे "काळी दारू घातली तर सुमारे ७० ग्रेन भरेल एवढी जागा". त्याच जागेत दुसरी दारू घातली की वजन बदलणारच. वाटीभर तांदूळ आणि वाटीभर पोहे काट्यावर ठेवून बघा.

पायरोडेक्स ही काळ्या दारूची पर्यायी दारू १९७६ मध्ये बाजारात आली ती हीच सोय डोळ्यांसमोर ठेवून. जुनं माप बदलायचं नाही, जागा तेवढीच घ्यायची, ताकद जवळपास तेवढीच मिळते आणि वजन मात्र सुमारे ३० टक्के कमी भरतं. (ती तयार करणारा डॅन पावलाक पुढच्याच वर्षी कारखान्यातल्या स्फोटात तीन सहकाऱ्यांसह गेला. 'पर्यायी दारू' म्हणजे निरुपद्रवी दारू, असं वाटणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.)

आता चूक कशी घडते ते बघा. नवखा माणूस ७० वर लावलेल्या मापाने पायरोडेक्स घेतो, खात्री करावी म्हणून काट्यावर टाकतो. काटा ५० च्या आसपास थांबतो. त्याला वाटतं कमी पडली, म्हणून तो चमच्याने वर २० ग्रेन टाकतो. आता काट्यावर ७० आहेत खरे, पण जागेच्या हिशोबाने ती झाली १०० ग्रेन. .४५-७० या जुन्या रायफल काडतुसाच्या केसमध्ये (पितळी टरफलात) ती मावत नाही, आणि हे त्याचं नशीब. मावत नाही म्हणून कोणी ती दाबून बसवायला लागलं, किंवा केस मोठी असली, तर मग नशीबही साथ देत नाही.

दोनदा वजावट

याच्या उलट चूक कमी बोलली जाते, पण मला ती जास्त धोक्याची वाटते, कारण तिच्यात काही सांडत नाही आणि काही अडतही नाही. "पायरोडेक्स ३० टक्के कमी घ्यायची" एवढंच कानावर पडलेलं असतं. ते वजनाबद्दल होतं हे विसरून माणूस मापच ७० वरून ५० वर आणतो. वजावट दारूच्या हलकेपणाने आधीच केलेली होती, ही दुसरी. आता केसमध्ये वरच्या बाजूला बोटभर नाही तरी चांगलीच मोकळी जागा राहते.

स्मोकलेस (बिनधुराच्या, आधुनिक) दारूची सवय असलेल्याला यात वावगं दिसत नाही, कारण तिथे केस अर्धी रिकामी असणं नेहमीचं. काळी दारू आणि तिचे पर्याय यांना मात्र बुलेटच्या बुडाला टेकूनच बसावं लागतं. मधे पोकळी राहिली तर बार उडताना दाब एका जागी एकवटतो आणि नळीला गोल फुगवटा येऊ शकतो. १८७३ च्या नमुन्याची जुनी ट्रॅपडोर (वर उघडणाऱ्या झाकणाची, एकबारी) रायफल असेल तर ती नळी पुन्हा मिळणार नाही.

ट्रिपल सेव्हन या दुसऱ्या पर्यायी दारूचा हिशोब आणखी वेगळा. ती काळ्या दारूपेक्षा जोमदार, म्हणून मापानेच सुमारे १५ टक्के कमी घ्यायची, म्हणजे ७० ऐवजी ६० च्या आसपास. इथे कमी घेतल्यामुळे पोकळी राहते, आणि मग रवा किंवा कापसासारखं काहीतरी भरायचा मोह होतो. काळ्या दारूवर मक्याचा रवा भरणारे जुने लोक आहेत, पण ट्रिपल सेव्हनच्या बाबतीत कंपनीच अशा भरावाला मनाई करते. तक्त्यात तुमच्या काडतुसासाठी दिलेलं बुलेटचं वजन, वॉड (दारू आणि बुलेट यांमधली चकती) आणि बुलेट किती खोल बसवायची ते जसंच्या तसं घ्यावं. ते जमत नसेल तर दुसरी दारू निवडावी.

ब्लॅकहॉर्न २०९ ही पर्यायी दारू तर जातच वेगळी आहे. ती स्मोकलेस दारूसारखी नायट्रोसेल्युलोजवर आधारलेली आहे, म्हणून तिच्यासाठी वरचा कुठलाच अंदाज लावू नका.

"पूर्वी ७० बसायची, आता का बसत नाही?"

.४५-७० या नावातच ७० ग्रेन आहेत, .४५ कोल्टमध्ये सुरुवातीला ४० भरत. त्या काळच्या केसच्या बुडाची घडण वेगळी होती, आत जागा जास्त होती. आजच्या केसचं बूड भरीव असतं, त्यामुळे तेवढी दारू सहज मावत नाही. पुस्तकी आकडा गाठायचाच म्हणून ठोकाठोक करण्यात काही अर्थ नाही.

खरी काळी दारू थोडी दबलेली चालते, उलट चांगली जळते. त्यासाठी दोनेक फुटांची पितळी ड्रॉप ट्यूब वापरतात. दारू तिच्यातून सावकाश सोडली की दाणे आपोआप घट्ट बसतात आणि बऱ्याच ग्रेनची जागा निघते. उरलेलं काम दाबाच्या डायने (प्रेसवर बसणाऱ्या साच्याने) करायचं. बुलेटने दारू दाबायला जाऊ नका, मऊ शिसं तिथेच बेढब होतं. ट्रिपल सेव्हनला मात्र हलका स्पर्श पुरे, जोरात दाबणं वर्ज्य.

रोज एकच माप, रोज वेगळं वजन

माप तेच, रेघ तीच, तरी काट्यावर कधी ६७ कधी ७१? आधी हात तपासा. एकदा माप टिचकी मारून भरलं आणि एकदा नुसतं बुडवून काढलं तर फरक पडणारच. ठरवा: नेहमी ओतून भरायचं, ठरावीक टिचक्या मारायच्या, वरून सपाट करायचं. यंत्राचं माप असेल तर दांडा दर वेळी सारख्याच लयीत फिरवावा.

हात सारखा असूनही फरक असेल तर दारू बघा. स्विस दारू गोएक्सपेक्षा दाट भरते, त्यामुळे ब्रँड बदलला की जुनी नोंद बाद. एफएफजी आणि एफएफएफजी या दाण्यांच्या आकाराच्या प्रती, त्यांत दुसरीचे दाणे बारीक. तीही अदलाबदल करायची नाही. पायरोडेक्सला दमट हवा सोसत नाही, गुठळ्या दिसल्या तर तो डबा बाजूला ठेवा. नव्या डब्यातली दहा मापं काट्यावर टाकून सरासरी वहीत लिहून ठेवावी. काट्याचा खरा उपयोग हा आहे: मापाचा हात सारखा पडतोय का ते बघणं.

काटा ग्रॅमवर आहे की ग्रेनवर, हेही एकदा बघा. दोन्हींच्या खुणा पडद्यावर घाईत सारख्याच वाटू शकतात आणि एक ग्रॅम म्हणजे १५ ग्रेनहून जास्त.

अवजारं आणि टेबल

स्मोकलेससाठी बनवलेलं प्लास्टिकच्या हॉपरचं (दारू ओतून ठेवायच्या नळकांड्याचं) माप काळ्या दारूला वापरू नका, त्यात स्थिर वीज साचू शकते. पितळ किंवा अ‍ॅल्युमिनियमची, खास काळ्या दारूसाठी बनवलेली मापं मिळतात. ग्राफाइट लावलेल्या दाण्यांवर स्थिर विजेच्या ठिणग्या पाडून काही होत नाही असं दाखवणारे छंदिष्ट आहेत. असतील. मापात तळाशी साचलेली भुकटी काही ग्राफाइट लावलेली नसते, आणि अवजारं बनवणारा नको म्हणतोय तिथे शंभर डॉलर वाचवण्यासाठी वाद घालण्यात मला रस नाही. मोटरवर चालणारी, आपोआप तोलून देणारी यंत्रंही इथे बंद.

टेबलावर एका वेळी एकच डबा, तोही मूळचाच. दारू काळी दिसते म्हणून ती काळी दारू असते असं नाही. काही स्मोकलेस दारूही तशीच दिसते, आणि तीच मापाने जुन्या बंदुकीत गेली तर बंदूक फुटते. लेबल गेलेल्या डब्यातली दारू ओळखायचा प्रयत्न न करता टाकून द्यावी. सांडलेली दारू मऊ कुंच्याने गोळा करायची, व्हॅक्यूम क्लीनर तिच्या जवळही आणायचा नाही.

भरलेलं काडतूस कानाशी हलवलं आणि आत सळसळ ऐकू आली, तर पोकळी राहिली आहे. ते आणि त्याच डावातली सगळी काडतुसं बाजूला काढा. उघडताना आपटून बुलेट काढायचा हातोडीसारखा पुलर नको, प्रेसवरचा, बुलेट पकडून ओढणारा कोलेट पुलर घ्या. निघालेली काळी दारू परत डब्यात न टाकता बादलीभर पाण्यात टाकावी; त्यातला सोरा विरघळला की ती पेटत नाही.